हप्ता कुणाला, व्याज कुणाला? बचत गटाचं गणित

मागच्या महिन्यात आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "ताई, मंगळवारी जरा लवकर निघेन, गटाची मीटिंग असते." मी म्हटलं वा, बचत गट का, महिन्याला किती टाकता? तर त्या हसायलाच लागल्या. "टाकत काही नाही, हप्ता भरायचा असतो. अकराशे सत्तर, दर पंधरा दिवसांनी." मग बचत? "बचत कुठली ताई, नुसतं बचत गट म्हणतात त्याला."

बचत नसलेला बचत गट. मी तेव्हा काही बोलले नाही पण डोक्यात राहिलं, आणि नंतर पुण्यातल्या अप्पर इंदिरानगर, जनता वसाहत, दांडेकर पूल अशा वस्त्यांत राहणाऱ्या ओळखीच्या दोनचार जणींना विचारलं तर लक्षात आलं की "गट" या एकाच शब्दाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी चालू आहेत. त्यात टीव्हीवर लाडकी बहीण, लखपती दीदी, महिला सक्षमीकरण असं सगळं एकत्र कानावर पडतं, त्यामुळे बायकांना वाटतं सगळं सरकारचंच आहे, आणि आपल्यासारख्या बाहेरून बघणाऱ्यांना वाटतं की बायकांच्या हातात पैसा आला, चला, झालं काम. म्हणून एकदा सुरुवातीपासून समजून घेऊ. गणित आहे पण चौथीतलं आहे, घाबरू नका.

आधी भिशी, कारण ती सगळ्यांना येते

दहा जणी, प्रत्येकीचे महिन्याला हजार, चिठ्ठी निघेल तिला दहा हजार. दहा महिन्यांनी खेळ संपला. हवी तर परत सुरू करा. भिशीत व्याज नाही, कागद नाही, सगळा कारभार ओळखीवर. सोन्याची अंगठी, मिक्सर, शाळेची फी यासाठी एकदम उत्तम.

अडचण एकच, गरज चिठ्ठी बघून येत नाही. नवऱ्याचा ॲक्सिडेंट श्रावणात झाला आणि तुमचा नंबर फाल्गुनात असला तर भिशी काही कामाची नाही, मग धावायचं सावकाराकडे, आणि वस्तीतला भाव दहा टक्के, तोही महिन्याला. पाच हजार घेतले तर महिन्याला पाचशे नुसतं व्याज. दहा महिन्यांत पाच हजार देऊन झाले तरी मुद्दल तिथंच बसलेलं.

बचत गट म्हणजे न संपणारी भिशी

आता बारा जणी घ्या. प्रत्येकी महिन्याला दोनशे. दर महिन्याला २,४०० जमतात, पण इथं चिठ्ठी काढून कुणाला देत नाहीत, ते गटाच्या नावानं बँकेत खातं काढून साठवतात. सहा महिन्यांत १४,४०० झाले. मग जिला गरज आहे ती मीटिंगमध्ये मागते, बाकीच्या विचारतात कशाला पाहिजे, कधी फेडशील, आणि ठरलं की देतात. याला अंतर्गत कर्ज म्हणतात. व्याज गट स्वतः ठरवतो, बऱ्याच गटांत महिन्याला दोन टक्के असतं.

समजा एकीनं पाच हजार घेतले, दर महिन्याला पाचशे मुद्दल परत करायचं. पहिल्या महिन्यात व्याज शंभर रुपये. दुसऱ्या महिन्यात तिच्याकडे साडेचार हजारच उरलेत म्हणून व्याज नव्वद. मग ऐंशी, मग सत्तर. दहा महिन्यांत एकूण व्याज ५५०. आणि हे ५५० जातं कुठं? गटाच्याच डब्यात. त्यात बारावा हिस्सा तिचा स्वतःचा. म्हणजे घेणारीही तीच आणि बँकेची मालकीणही तीच.

मला स्वतःला हे नीट कळायला वेळ लागला होता, कारण मला वाटायचं की बचत गटात स्वस्त कर्ज मिळतं म्हणून तो चांगला. तसं नाहीये. महिन्याला दोन टक्के म्हणजे वर्षाला चोवीस, हे काही स्वस्त नाही.

मग मावशींचं ते काय आहे

ते ग्रुप लोन. एखादी मायक्रोफायनान्स कंपनी, म्हणजे गरीब घरांना तारण न घेता छोटी कर्जं देणारी खासगी संस्था, पाचदहा बायकांना एकत्र बसवते आणि प्रत्येकीला वेगळं कर्ज देते पण जबाबदारी सगळ्यांची. एकीनं हप्ता चुकवला तर बाकीच्यांनी भरायचा, आणि भरेपर्यंत बऱ्याचदा कुणी उठायचं नाही. इथं गट बचतीसाठी नसतो, वसुलीसाठी असतो.

मावशींनी मला कार्ड दाखवलं. २५ हजार मंजूर, १,१७० चे २४ हप्ते. म्हणजे वर्षभरात २८,०८० भरायचे, जादाचे झाले ३,०८०. मावशींचा आणि खरं सांगायचं तर माझाही पहिला हिशोब असा की २५ हजारांवर तीन हजार म्हणजे बाराएक टक्के, बरं आहे की. पण २५ हजार त्यांच्याकडे वर्षभर होते कुठं? पंधरा दिवसांपासूनच त्या परत करायला लागल्या. सुरुवातीला २५ हजार, सहा महिन्यांनी निम्मे, शेवटी एक हप्ता. सरासरी काढली तर वर्षभर त्यांनी वापरले साधारण तेरा हजार. तेरा हजारांवर तीन हजार. आता बघा, व्याज तेवीस टक्क्यांच्या आसपास गेलं.

हे घरभाड्यासारखं आहे. दोन खोल्यांचं भाडं भरताय पण एक खोली दर महिन्याला थोडी थोडी मालक परत घेतोय, तरी भाडं मात्र पहिल्या दिवशी मोजलं तेवढंच. आणि प्रोसेसिंग फी, विमा असं कापून मावशींच्या हातात आले २४,२००. ती वजावट धरली तर आकडा तिशीला टेकतो.

आता गंमत बघा. गटाचं व्याज चोवीस, कंपनीचं तेवीस. आकड्यांत कंपनी थोडी स्वस्तच म्हणा. फरक दरात नाहीच. गटात ते व्याज वस्तीत फिरतं, वर्षाच्या शेवटी बारा जणींच्या नावावर वाढतं, आणि दुसरीकडे ते मंगळवारी वसुलीवाल्याच्या मोटरसायकलवर बसून निघून जातं. कंपनीला लबाड म्हणायचं नाहीये मला, तिलाही पैसे बाजारातून उचलावे लागतात, माणसं घरोघर पाठवावी लागतात, दहा टक्क्यांच्या सावकारापेक्षा ती बरी. फक्त त्याला बचत गट म्हणू नका एवढंच.

नियम कार्डाच्या मागे बारीक अक्षरात असतात

२०१० मध्ये आंध्र प्रदेशात एकेका बाईला चारचार कंपन्यांनी कर्जं दिली, वसुलीचा जाच झाला, आत्महत्या झाल्या, सरकारला अध्यादेश काढावा लागला. त्यानंतर रिझर्व्ह बँकेनं या धंद्याला नियम लावले आणि २०२२ मध्ये ते नव्यानं बांधले. त्यातले कामाचे तेवढे सांगते. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला दिलेलं बिनतारणी कर्ज म्हणजे मायक्रोफायनान्स. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. विमा गळ्यात मारायचा नाही, तुमची स्पष्ट संमती हवी. वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहाच्या नंतर फोन करायचा नाही, धमकी तर नाहीच. आणि सगळा खर्च धरून वर्षाचा खरा दर किती पडतो हे एका सोप्या पत्रकात, कर्जदाराला कळेल अशा भाषेत लिहून द्यायचं. मावशींना तसलं काही मिळाल्याचं आठवत नव्हतं. सह्या मात्र सातआठ ठिकाणी केल्या होत्या.

बँक बचत गटाला उभी तरी का करते

हा प्रश्न मला एका मैत्रिणीनं विचारला, ती स्वतः बँकेत आहे. घर नाही नावावर, पगाराची स्लिप नाही, मग कशाच्या जोरावर द्यायचं?

उत्तर आहे वही. १९९२ मध्ये नाबार्डनं, म्हणजे शेती आणि ग्रामविकासासाठीच्या राष्ट्रीय बँकेनं, ५०० गट बँकांना जोडायचा प्रयोग केला, तेव्हापासून पद्धत साधारण हीच आहे. गट सहा महिने नीट चालवा, मग बँकेचा माणूस येऊन तुमचं रेकॉर्ड बघतो. बघतो पाच गोष्टी, त्यालाच पंचसूत्री म्हणतात: बैठक नियमित, बचत नियमित, अंतर्गत कर्ज दिलंय का, परतफेड नियमित, आणि हिशोब लिहिलेला. हे ठीक असेल तर जमा बचतीच्या काही पट कर्ज गटाला मिळतं, आणि १० लाखांपर्यंत तारण मागायचं नाही असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलेलं आहे. ते कर्ज गट आपसांत वाटून घेतो.

म्हणजे आपल्यासाठी जसा सिबिल स्कोअर तशी बायकांसाठी ती लाल पुठ्ठ्याची वही. ती वही म्हणजेच त्यांची पत. पुण्यात महापालिकेच्या समाज विकास विभागाच्या समूहसंघटिका वस्त्यांमधून हे गट बांधतात, राज्यात १९७५ पासून महिला आर्थिक विकास महामंडळ म्हणजे माविम आहे, खेड्यांत उमेद हे सरकारी अभियान आहे. खेडला, म्हणजे राजगुरुनगरला, सुधा कोठारींच्या चैतन्य संस्थेनं नव्वदीतच गटांचे संघ बांधून दाखवले. दहा गट एकत्र आले की त्यांचा संघ, संघ एकत्र आले की त्यांचा वरचा संघ, अशी ती उतरंड असते, आणि मोठी कामं (ट्रेनिंग, विमा, घाऊक खरेदी) संघ करतो कारण बारा जणींच्या गटाला ती झेपत नाहीत.

पण वही लिहितं कोण? इथं खरी मेख आहे. खूप गटांत ती अध्यक्षाबाईंचा मुलगा लिहितो, नाहीतर संस्थेची ताई येऊन लिहून जाते. मग बाकी अकरा जणींना फक्त अंगठा किंवा सही ठाऊक. त्या गटात पैसा फिरतो पण कुणाला काही येत नाही, आणि अध्यक्षाबाई बदलायचं म्हटलं की सगळ्यांना धडकी भरते.

म्हसवडचं उदाहरण मला यासाठी फार आवडतं. माण तालुका, साताऱ्यातला दुष्काळी भाग. चेतना गाला सिन्हा आणि तिथल्या बायकांनी बँक काढायचं ठरवलं तर रिझर्व्ह बँकेनं आधी नकार दिला, कारण अर्जावर अंगठे होते. पाचेक महिने बायका लिहायवाचायला शिकल्या, मग चेतनाताईंबरोबर स्वतः अधिकाऱ्यांसमोर गेल्या आणि म्हणाल्या, आम्हाला कुठल्याही रकमेचं व्याज काढायला सांगा, आणि तुमच्या अधिकाऱ्यांनाही कॅल्क्युलेटर न घेता काढायला सांगा, बघू कोण आधी सांगतंय. १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक सुरू झाली. पत अंगठ्यात नव्हती, डोक्यातल्या हिशोबात होती, आणि ती आधीपासूनच होती.

"शेवटी पैसे नवराच उडवतो ना?"

हो, कधीकधी. कर्ज बायकोच्या नावावर आणि रिक्षा नवऱ्याची, हे वस्तीत सर्रास आहे, आणि प्रत्येक वेळी ते वाईटच असतं असंही नाही, रिक्षा चालली तर घरच चालतं. पण हप्त्याच्या दिवशी खाली मान घालून बसायचं मात्र तिनं.

याचा अभ्यासही झालाय. हैदराबादमध्ये १०४ वस्त्या घेऊन त्यातल्या निम्म्या वस्त्यांत आधी मायक्रोफायनान्स आणलं आणि बाकीच्यांशी तुलना केली. पुढे नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो त्यात होते, २०१५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. निघालं काय, तर ज्यांचा धंदा आधीपासून होता त्यांनी तो थोडा वाढवला, काहींनी घरात टिकाऊ वस्तू घेतल्या, पण घरातल्या निर्णयांत बायकांचा शब्द वाढला असं काही दिसलं नाही. म्हणजे नुसतं कर्ज हातात दिलं की बाई सक्षम, हे समीकरण तिथं जुळलं नाही. माझ्या मते त्यात आश्चर्य नाही. कर्ज ही वस्तू आहे, सिलिंडरसारखी, स्वयंपाक त्यानं आपोआप होत नाही.

"पापड लोणची घेणार तरी कोण?"

हा सगळ्यात खरा आक्षेप. एका वस्तीत सहा गट आणि सहाही गट पापड करणार, मग एकमेकींनाच विकायचे का? डिसेंबरात पुण्यात भीमथडी जत्रा भरते, गटांच्या मालाचे स्टॉल असतात, तिथं जाऊन आपण दोन पाकिटं घेतो आणि आपल्याला बरं वाटतं, पण वर्षाचे उरलेले तीनशे साठ दिवस काय.

जिथं चाललं तिथं बायकांनी आधी गिऱ्हाईक बघितलं. मुंबईच्या गिरणगावात खानावळ चालवणाऱ्या बायकांना घ्या, त्यांचं गिऱ्हाईक ठरलेलं होतं, गिरणी कामगार. अडचण एवढीच की कामगाराचा पगार महिन्यानं आणि वाण्याचं बिल आधी, मधल्या दिवसांसाठी सावकार. १९७५ मध्ये प्रेमा पुरवांनी त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं आणि बँकांकडून कर्ज मिळवून दिलं. कर्जानं धंदा तयार केला नाही, चालू धंद्याच्या मानेवरचा सावकार काढला. त्यांची मुलगी मेधा पुरव-सामंत यांनी १९९३ च्या सुमारास पुण्यात वस्त्यांमधून तसंच काम सुरू केलं.

म्हणून कुणी मला विचारलं की गटातून कर्ज घेऊन काय करू, तर मी म्हणते नवीन काही करू नकोस आधी. जे करतेस त्यात पैसा कुठं अडतो ते बघ. मार्केट यार्डातून उधारीवर भाजी आणतेस तर रोख आण, शिलाई मशीन भाड्यानं आहे तर विकत घे. लखपती दीदीचं उद्दिष्टही याच अंगानं बघायला हवं, वर्षाला घराचं एक लाख म्हणजे महिन्याला आठ हजार तीनशे. पुण्यातल्या खोलीचं भाडं भरून बघा मग कळेल तो आकडा मोठा की छोटा.

"सरकार पंधराशे देतंय, मग कशाला ही कटकट?"

जुलै २०२४ पासून लाडक्या बहिणीचे पंधराशे सुरू झाले आणि मी त्याच्या विरोधात अजिबात नाही, कितीतरी जणींचं स्वतःच्या नावाचं खातं त्यामुळे पहिल्यांदा वापरात आलं. पण ते पैसे वरून येतात, कधी येणार ते वरचे ठरवतात, यादीत नाव राहणार का तेही वरचे ठरवतात. गटातले पैसे कधी कुणाला द्यायचे ते बारा जणी ठरवतात. त्या पंधराशेतले दोनशे गटात टाकणारी एक बाई मला माहिती आहे. ती म्हणते, बंद झाले तरी हे तरी राहतील.

"आणि पुढारीपण?"

बायकांचे गट म्हटले की निवडणुकीच्या मांडवातली गर्दी आठवते लोकांना. साड्या, हळदीकुंकू, देवदर्शनाच्या बस. होतं ते, खोटं कशाला बोला. २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना पन्नास टक्के जागा आहेत, त्यामुळे गटाच्या अध्यक्षाबाईंवर सगळ्या पक्षांचा डोळा असतो, आणि निवडून आल्यावर कारभार पतिराज बघतात हेही आपण बघितलंय.

पण पुण्यात याचं उलटं उदाहरण रोज सकाळी आपल्या दारात उभं असतं. कचरा वेचणाऱ्या बायकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये बाबा आढावांच्या पाठबळानं उभी राहिली. त्यांनी सुरुवात कर्जानं केली नाही, ओळखपत्रानं केली, की आम्ही चोर नाही, कामगार आहोत. मग पतसंस्था आली, आणि २००८ मध्ये स्वच्छ ही त्यांच्या स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करायला लागली. आपण दर महिन्याला देतो ते पैसे थेट त्या वेचकाच्या हातात जातात. आमच्या सोसायटीत एकदा रेट वाढवायवरून वाद झाला तेव्हा आमच्या चेअरमनसमोर उभं राहून, ओल्या कचऱ्याचं वजन, फ्लॅट किती, वेळ किती असा सगळा हिशोब त्या बाईनं तोंडपाठ मांडला होता, आणि आमच्याकडचे दोन सीए गप्प बसले होते. हे भाषणाच्या ट्रेनिंगमधून येत नाही. महिन्याच्या महिन्याला गोल करून बसून "तुझे अडीचशे बाकी आहेत" असं समोरासमोर म्हणायची सवय लागली की येतं, पहिल्यांदा घशात अडकतं, मग सुटतं.

आणि म्हणून माझा आग्रह, वही फिरती ठेवा. दर सहा महिन्यांनी लिहिणारी बदला, अक्षर वाईट असलं तरी चालेल, चुकलं तर खोडा. "बायका भांडतात" असं म्हणणाऱ्यांना सांगायचं, की हो, भांडतात, पैशांवरून भांडायला आधी पैसे कुठं गेले ते कळावं लागतं.

मावशींच्या हप्त्याचं पुढे काय झालं ते राहिलंच. गेल्या मीटिंगमध्ये त्यांनी वसुलीच्या सरांना विचारलं, की वर्षाचा खरा दर किती आणि ते पत्रक कुठाय. सर म्हणाले ॲपमध्ये आहे. मावशी म्हणाल्या, आमच्याकडे साधा फोन आहे, कागद द्या. बाकीच्या सात जणी पण म्हणाल्या, आम्हाला पण. पुढच्या मंगळवारी आणतो म्हणालेत. मावशींनी मुलीकडून कार्डाच्या मागे तारीख लिहून घेतलीय.